पाखराचे वागणे ओळखणारा माणूस

करी रोड, खास प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या चिंचपोकळी आणि परळ या स्थानकांच्या मध्ये असलेल्या करी रोडच्या पुलावर क्षणभर थांबले, की एकाच नजरेत दोन मुंबई दिसतात. एका बाजूला गिरणगावातल्या चाळींच्या उरल्यासुरल्या गॅलऱ्या आणि दुसऱ्या बाजूला १९८२ च्या संपानंतर थंडावलेल्या गिरण्यांच्या जागांवर उभे राहिलेले उंच मनोरे. चाळीच्या गॅलरीत पूर्वी तुळशीच्या कुंडीशेजारी एखादा तारेचा पिंजरा टांगलेला असे आणि त्यात भिजवलेली डाळ नि हिरवी मिरची खाणारा राघू असे. मनोऱ्यांतल्या दिवाणखान्यांत आता परदेशी पाहुणे आले आहेत. कुठे आफ्रिकेच्या जंगलातला राखाडी पोपट, कुठे ऑस्ट्रेलियातली कॉकाटील, कुठे काचेच्या टाकीत लाल कानांचे अमेरिकन कासव, तर कुठे झाडाच्या फांदीऐवजी पडद्याच्या दांडीवर चढून बसणारा इग्वाना.

यांपैकी एखादे जनावर आजारी पडले, की घरच्यांची पावले परळकडे वळतात. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही दोन्ही याच परिसरातली. गाय, बैल, घोडा यांची दुखणी ओळखण्याची परंपरा इथे शंभर वर्षांहून जुनी आहे. कुत्रा-मांजरांचे वागणेही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परदेशी पाखराच्या बाबतीत मात्र वैद्याच्या टेबलापाशी पहिला प्रश्न औषधाचा नसतो. पोपट अंगावरची पिसे उपटतो आहे, खाल्लेले अन्न तोंडातून बाहेर काढतो आहे, संध्याकाळ झाली की किंचाळतो आहे. हा त्याचा स्वभाव म्हणावा की आजार, हा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर पिंजऱ्यात सापडत नाही. ते पाखरू जिथून आले, तिथल्या रानात ते कसे जगते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्याच्या वागण्यातले सरळ आणि वाकडे वेगळे करता येते. भारतातल्या पाखरांपुरते हे ज्ञान गोळा करण्यात ज्या माणसाने आपले सारे आयुष्य वेचले, तो याच मुंबईचा. करी रोडपासून काही मैलांवर, गिरगावच्या खेतवाडीत तो लहानाचा मोठा झाला. सलीम अली हे पशुवैद्य नव्हते आणि पाळीव प्राण्यांचे तज्ज्ञ म्हणूनही त्यांना कुणी ओळखत नाही. पण पक्ष्याला त्याच्याच घरात जाऊन पाहावे आणि मगच त्याच्याविषयी बोलावे, ही शिस्त आपल्याकडे रुजवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणूनच पिंजऱ्यातल्या पाखराची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र एकदा या बाजूनेही पाहायला हवे.

खेतवाडीतले अनाथ पोर

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाच्यांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. घर माणसांनी भरलेले, मामांना शिकारीचा शौक, आणि मुलांच्या हाती खेळण्यातली छऱ्याची बंदूक येणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.

सलीमचे पाखरांशी पहिले नाते जडले ते दुर्बिणीतून नव्हे, तर स्वयंपाकघरातून. घरी रांधण्यासाठी बाजारातून जिवंत आणलेल्या तितर-लाव्यांपैकी काहींना सुरीपासून वाचवून तो पाळत असे. म्हणजे पिंजऱ्यातले पाखरू त्यालाही प्रिय होते. हे सांगितले पाहिजे, कारण पुढे थोर झालेल्या माणसाचे बालपण सोवळे करून सांगण्याची आपल्याला सवय असते. सलीम अली पाखरे पाळत होते, मारत होते आणि खातही होते. त्यांचे वेगळेपण एवढेच, की हे सारे करताना ते पाहतही होते आणि पाहिलेले लिहूनही ठेवत होते.

नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांनी केलेली एक नोंद प्रसिद्ध आहे. कुटुंबाचा मुक्काम तेव्हा चेंबूरला होता आणि चेंबूर हे त्या काळी मुंबईबाहेरचे रानवट खेडे होते. तिथल्या तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमण्यांचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत असलेला. घोडागाडीच्या आड दबा धरून मुलाने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. मुलाने तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले आणि प्रत्येक वेळी जणू राखीव ठेवलेला नवा नर येऊन खिळ्यावर बसला. मुलाने ही नोंद शिकारीच्या फुशारकीने केली होती. पुढे कितीतरी वर्षांनी तीच नोंद छापली गेली ती मात्र चिमणीच्या वागण्यावरचे निरीक्षण म्हणून. त्या वयात त्याने एक मोलाची गोष्ट टिपली होती. ती म्हणजे, पाखराच्या वागण्याला माणसाच्या सुखदुःखाचे माप लावून चालत नाही. आपल्या मापाने पाहिले तर ती मादी निष्ठुर ठरते. चिमणीच्या मापाने पाहिले तर ती फक्त आपली अंडी आणि घरट्याची जागा राखत होती.

मिलार्ड यांची कचेरी आणि पिंजऱ्यातला विल्यम

१९०८ च्या सुमारास त्याच छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीने या मुलाचे आयुष्य बदलले. चिमणी नेहमीसारखीच होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांना ती ओळखता आली नाही. अमिरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलगा चिमणी घेऊन फोर्टातल्या अपोलो स्ट्रीटवरच्या कचेरीत गेला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार तेव्हा फिप्सन आणि कंपनी या मद्यव्यापाऱ्यांच्या जागेतून चाले. मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पाखराची कातडी सोलून जतन करण्याची विद्या शिकवण्याची व्यवस्थाही केली.

या भेटीचे वर्णन शाळेच्या पुस्तकांतूनही येते. पण त्याच कचेरीत तेव्हा आणखी एक पाखरू होते आणि ते भुसा भरलेले नव्हते. सचिवांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात विल्यम नावाचा राज धनेश राहत होता. १८९४ मध्ये अवघ्या तीन महिन्यांचे पिल्लू असताना तो कारवारहून संस्थेला भेट म्हणून आला आणि १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्या कचेरीतच राहिला. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी सव्वाचार फूट भरली. मुंबईत ज्याला विदेशी पाळीव पक्षी म्हणतात त्याची सारी लक्षणे या स्वदेशी विल्यममध्ये होती. सह्याद्रीच्या सदाहरित रानातला, उंच झाडांच्या शेंड्यांवर फिरणारा पक्षी फोर्टातल्या चार भिंतींत वाढत होता.

विल्यमचे वागणे पाहून येणारे-जाणारे थक्क होत. तो पाणी पीत नसे आणि अंघोळही करत नसे. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलत असे. फळांवर जगणारा म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चे मांसही आवडीने खाई. एकदा तर त्याने पेटलेली सिगार गिळली आणि तरी त्याला काही झाले नाही, असे सांगत.

आता याच वागण्याकडे रानाच्या बाजूने पाहू. धनेशाची जीभ आखूड असते, ती लांब चोचीच्या टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे चोचीच्या टोकात धरलेले फळ तो हवेत उडवतो आणि घशाशी झेलतो. वड-उंबराची फळे रोज शेकडो वेळा अशी झेलणाऱ्या पक्ष्याला चेंडू झेलणे अवघड नव्हते. पाण्याची गरज त्याची रसाळ फळांतूनच बरीचशी भागते. ढोलीत स्वतःला कोंडून घेतलेल्या मादीला आणि पिलांना भरवताना धनेश फळांबरोबर सरडे, लहान प्राणी आणि किडेही आणतो. म्हणजे लोकांना जे अजब वाटत होते, ते सारे अगदी नेहमीचे होते. अजब होते ते वेगळेच. समोर पडेल ती वस्तू, मग ती सिगार असो वा तार, गिळून टाकणे हे पाखराच्या कोंडलेल्या आयुष्यातले धोक्याचे लक्षण आहे. रानात त्याला वेचायला झाडभर फळे असतात, पिंजऱ्यात चोचीला कामच उरत नाही. १९२० मध्ये विल्यम मेला तो तारेचा तुकडा गिळल्याने, असे सांगितले गेले. त्याच वर्षी मिलार्ड साहेबांनी हिंदुस्तान सोडले होते. विल्यमविषयी मृत्यूनंतर लिहिणाऱ्याचे मत असे पडले, की तारेपेक्षा जुन्या सोबत्याचा वियोगच त्याला अधिक भोवला. खरे कारण कोणते, हे आज ठरवता येणार नाही. पण धनेश जोडीदाराशी घट्ट बांधून राहणारा पक्षी आहे आणि सव्वीस वर्षांत या धनेशाला दुसरा धनेश मिळालाच नाही, हे लक्षात घेतले तर ते मत हसण्यावारी नेता येत नाही.

पुढे हाच धनेश संस्थेच्या बोधचिन्हावर आला आणि फोर्टातल्या तिच्या इमारतीलाही त्याचेच नाव मिळाले.

मेलेल्या पाखरांकडून जिवंत पाखरांकडे

सलीम अलींचे शिक्षण रडतखडतच झाले. डोकेदुखीने शाळा मध्येच सुटली, १९१३ मध्ये मॅट्रिक कसेबसे पदरात पडले. कॉलेजात मन रमेना म्हणून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅम खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. धंद्यापेक्षा भोवतालच्या रानातच त्यांचे अधिक लक्ष असे. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला घेतला. तेव्हा सेंट झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवऱ्याच्या भटकंतीला नुसती मुभा देणारी नव्हे, तर तंबूत, रानात, बैलगाडीत त्याच्याबरोबर राहणारी जोडीदारीण त्यांना लाभली.

विद्यापीठाची पदवी नसल्याने झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून साडेतीनशे रुपयांची नोकरी मिळाली. काचेच्या कपाटातले पक्षी लोकांना समजावून सांगायचे हे काम. त्या काळचे पक्षिशास्त्र बहुतांशी असेच होते. कातडी, चोचीची लांबी, पंखांचे माप आणि लॅटिन नाव यापलीकडे ते फारसे जात नसे. पाखरू दिवसभर काय करते, कुणाशी भांडते, कसे झोपते, आजारी पडल्यावर कसे वागते, याचे उत्तर कपाटातले पाखरू देऊ शकत नव्हते.

१९२८ मध्ये ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांची ओळख ठेवण्याची पद्धत पाहिली. स्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत. पायातल्या कडीने एक फरक पडतो. एका जातीचे हजार पक्षी हजार वेगवेगळे जीव होतात आणि या जिवाचे कालचे वागणे आणि आजचे वागणे ताडून पाहता येते.

किहीमचे सुगरण

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची नोकरीच रद्द झाली होती. हातात काम नाही म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात शिडी लावून, आडोशाला तासन्‌तास बसून सलीम अली त्यांची घरटी पाहू लागले.

सुगरणीचा खोपा आपल्या कवितेत आणि बोलण्यात आईच्या मायेचे चित्र म्हणून आला आहे. किहीमला दिसलेले चित्र निराळे होते. खोपा विणतो तो नर. तो अर्धा विणून होतो तेव्हा माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला तो पसंत पडला, की ती तिथे राहते आणि मग नर तो पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एका हंगामात एक नर असे एकामागून एक संसार थाटतो. ज्या खोप्याला कुणी मादी पसंत करत नाही तो अर्धवटच लोंबत राहतो. ही गोष्ट सलीम अलींनी व्यवस्थित नोंदी ठेवून मांडली आणि त्यांच्या या कामाची दखल जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी घेतली.

आता कल्पना करा, की हाच नर कुणी पिंजऱ्यात ठेवला. पावसाळा आला की तो मिळेल ते गवत, दोरा, कागदाची पट्टी तारांमध्ये गुंफत बसेल, अर्धवट सोडेल, पुन्हा नवे सुरू करेल. ज्याने किहीमची नोंद वाचली नाही तो म्हणेल, याला वेड लागले. ज्याने ती वाचली आहे त्याला कळेल, की पाखरू ठीक आहे, वेडेपणा त्याला तिथे ठेवण्यात आहे.

पुढची वर्षे पाहणीत गेली. संस्थानिकांनी फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसावा, मेहनताना नको, या बोलीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेहमिना बरोबर असत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. या घावातून सलीम अली सावरले ते कामाच्या बळावर आणि बहीण-मेव्हण्यांच्या आधाराने. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे लोकप्रिय पुस्तक निघाले. त्याने सामान्य वाचकाच्या हाती प्रथमच पाखरू ओळखण्याची सोपी किल्ली दिली. १९५९ मध्ये कुमाऊँच्या तराईत त्यांनी अनेक दशके कुणाला न दिसलेला फिन यांचा सुगरण पुन्हा शोधून काढला. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी लिहिलेले भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक जातीच्या वर्णनाबरोबर तिच्या सवयी, तिचे खाणे, तिचा आवाज आणि तिचे प्रजनन यांना स्वतंत्र जागा आहे. वागण्याची ही नोंद म्हणजेच निरोगी पाखराचे माप.

हे माप दिवाणखान्यात कसे लावायचे

आफ्रिकन ग्रे पोपट, कॉकाटील वा बजरी यांच्या मायदेशीही अनेकांनी अशीच पाहणी केली आहे आणि परळच्या टेबलावरच्या प्रश्नांची उत्तरे त्या पाहणीतून निघतात. पोपटांची बहुतेक कुळे थव्याने राहतात. पहाटे आणि सांजेला थवा एकमेकांना हाका मारून गोळा होतो. त्यामुळे त्या वेळी पिंजऱ्यातला पोपट ओरडला तर तो घरच्या माणसांनाच थवा समजून साद घालतो आहे. हे सरळ वागणे. दिवसभर, एकाच सुरात, कुणी जवळ असो वा नसो, किंचाळत राहणे हे मात्र एकटेपणाचे वा दुखण्याचे लक्षण असू शकते.

मान वरखाली करून लाडक्या माणसासमोर वा आरशासमोर अन्न बाहेर काढणे ही जोडीदाराला भरवण्याची रीत आहे. मान झटकत, डोक्यावरची पिसे चिकट करत, इकडेतिकडे अन्न उडवणे ही उलटी आहे आणि ती आजाराची खूण आहे. झोपण्यापूर्वी चोच घासल्याचा आवाज येतो, तो समाधानाचा. एका पायावर उभे राहून चोच पाठीत खुपसून झोपणे हेही नेहमीचे. पण दिवसा पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी हलणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. रानात आजारी दिसणारे पाखरू शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते, म्हणून पाखरे दुखणे लपवतात. आजार दिसू लागला याचा अर्थ लपवण्याचे बळ संपले, असाच घ्यायचा.

पिसे उपटण्याचेही तसेच. ठरावीक काळाने जुनी पिसे गळून नवी येणे हा पाखराचा ऋतू आहे. छातीवर, मांडीवर उघडी कातडी दिसते पण डोक्याची पिसे शाबूत आहेत, तर पाखरू स्वतःच पिसे उपटते आहे, कारण चोच डोक्यापर्यंत पोचत नाही. डोकेही उघडे पडले असेल तर दुसऱ्या पाखराने उपटली वा आजाराने गळाली, असा संशय घ्यावा लागतो. उपटण्यामागे त्वचेचा संसर्ग असतो, आहारातली उणीव असते किंवा नुसता रिकामपणाही असतो. रानात दिवसाचा बराच वेळ खाणे शोधण्यात आणि सोलण्यात जातो. वाटीत ठेवलेले दाणे पाच मिनिटांत संपतात आणि उरलेल्या वेळात चोचीने काय करावे? विल्यमने तार गिळली. पिंजऱ्याच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा कुरतडणाऱ्या पोपटाच्या पोटात आजही तोच धोका उतरतो, कारण जस्त आणि शिसे त्याला विषासारखे बाधतात.

पाखरांखेरीज इतरांनाही हेच सूत्र लागू पडते. कासवाने उजेडात पाय ताणून पडणे हे ऊन खाणे, पण पाण्यात एका अंगावर कलून तरंगणे हे फुप्फुसाच्या आजाराचे लक्षण ठरू शकते. इग्वानाने मान हलवणे म्हणजे आपली हद्द सांगणे. डोळ्यांवर दुधी पडदा आलेल्या सापाने खाणे नाकारणे म्हणजे कात टाकण्याची तयारी. सशाने आपल्याच मऊ लेंड्या खाणे हे त्याच्या पचनाचा भाग आहे, पण त्याच सशाने दिवसभर तोंडाला काही लावले नाही तर तो जिवावरचा प्रसंग. आणि कोणताही प्राणी त्याच मार्गाने, त्याच चालीने तासन्‌तास येरझाऱ्या घालू लागला, तर तो खेळतो आहे असे समजू नये. ते कोंडलेपणाचे दुखणे आहे.

कायद्यानेही या बाबतीत काही रेषा आखल्या आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांमुळे भारतीय रानपाखरांचा व्यापार बंद झाला. गॅलरीतला आपला राघू पिंजऱ्यात ठेवणेही गुन्हाच आहे. आफ्रिकन ग्रे पोपटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून कडक बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी ठरावीक परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. पण नोंदणीचा कागद पाखराचे मन सांगत नाही. ते काम घरच्यांच्या डोळ्यांचे.

वही आणि डोळे

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि त्याच वर्षी जे. पॉल गेटी पारितोषिक असे सन्मान सलीम अलींना मिळाले. पारितोषिकाच्या पैशांतून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभा केला. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्याच्या नावातही ती बालपणीची चिमणीच आहे. त्याच वर्षी राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले.

त्यांनी अभ्यासासाठी हजारो पक्षी मारले, ही गोष्ट त्यांनी कधी दडवली नाही. आजच्या वाचकाला ती खटकेल आणि खटकायलाही हवी. पण जो मुलगा तबेल्याआडून चिमण्या टिपत होता, त्यानेच पुढे पाखराला न मारता, न पकडता, नुसते बसून पाहण्याची विद्या आपल्याकडे आणली. ती शिकायला पदवी लागत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरूनच दिसते.

करी रोडच्या एखाद्या घरात आज पिंजरा असेलच, तर तिथेही ती लागू पडते. पाखरू धडधाकट असताना ते किती वाजता उठते, काय आधी खाते, विष्ठा कशी असते, वजन किती भरते, कोणत्या आवाजाला दचकते, याची चार ओळींची नोंद रोज वहीत करावी. मग ज्या दिवशी परळला जाण्याची वेळ येईल, त्या दिवशी टेबलापलीकडच्या डॉक्टरांसमोर औषधाच्या बाटलीआधी ती वही ठेवता येईल आणि हे पाखरू नेहमी असे वागत नाही, एवढे तरी खात्रीने सांगता येईल.